काळे कुंकू आणि लाल दिवा : डार्करूमच्या जुन्या अवजारांची ओळख

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कौटुंबिक छायाचित्रांत एक गोष्ट हटकून आढळते. नऊवारी नेसून खुर्चीवर ताठ बसलेल्या स्त्रीच्या कपाळावरचे कुंकू काळेभोर दिसते, जणू काजळाचा टिळा. कृष्णधवल चित्रात लाल रंग उमटणार नाही हे उघडच आहे. पण तो इतका काळा का व्हावा? आणि त्याच काळातल्या देखाव्यांच्या चित्रांत निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे का असावे? (थ्रेड)

उत्तर काचेवरच्या लेपात आहे. त्या काळच्या काचेवरील चांदीच्या क्षारांवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा झपाट्याने परिणाम होई. लाल प्रकाशाचा जवळजवळ होतच नसे. ज्या कारणाने कुंकू काळे पडले, त्याच कारणाने छायाचित्रकाराला आपल्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून काम करता येत होते. काचेला जे दिसत नाही, ते माणसाने आपल्या सोयीसाठी वापरले.

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर डार्करूमची अवजारे सापडतात, तेव्हा त्यांना भलतीच नावे मिळालेली असतात. लाल काचेचा कंदील ‘रेल्वेचा’ ठरतो, लाकडी खाचांची घोडी ‘ताटाळे’ ठरते आणि सागवानी प्रिंटिंग फ्रेम देवाची तसबीर लावण्यासाठी विकली जाते. ओळखीची खूण एकच : या वस्तूच्या काळात काचेला कोणता रंग दिसत होता, आणि म्हणून माणसाला किती उजेड मिळत होता?

आरंभ पिवळ्या उजेडापासून करावा लागतो. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. गनकॉटन हा स्फोटक कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याचे पातळ, चिकट द्रावण करायचे. ते काचेवर ओतायचे. मग ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. थंड हवेतदेखील या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक अवधी मिळत नसे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ईथर भराभर उडून जाई आणि तो अवधी आणखी आक्रसे. साहजिकच डार्करूम कॅमेऱ्याच्या जवळ असावी लागे. प्रवासात ती तंबूच्या किंवा गाडीच्या रूपाने बरोबर न्यावी लागे.

मुंबईत हे तंत्र फार लवकर पोचले. फोटोग्राफिक सोसायटी येथे १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्यात सहभागी होते. वैद्यक, नाणी, शिलालेख आणि छायाचित्रण या सर्वांत एकाच माणसाला रस असावा, यात त्या पिढीला काही नवल वाटत नव्हते. रसायने, तराजू आणि मोजपात्रे यांच्याशी वैद्याचा परिचय असतोच.

ओल्या काचेच्या या डार्करूमला ‘डार्क’ म्हणणे तसे अतिशयोक्तीचेच. कलोडियनला पिवळा-नारिंगी प्रकाश बाधत नसल्यामुळे खिडकीला पिवळी काच किंवा पिवळे कापड लावले की पुरेसा उजेड मिळे. त्यामुळे या काळातली अवजारे डोळ्यांनी पाहून वापरायची आहेत. उभट, अरुंद, चपटे भांडे सापडले, काचेचे, चिनी मातीचे किंवा गटापर्चाचे, तर ते सिल्व्हर नायट्रेटचे पात्र असण्याची शक्यता मोठी. त्याच्यासोबत तळाशी आकडा असलेली एक लांब पट्टी असे. काच त्या आकड्यावर टेकवून एका दमात, न थांबता द्रावणात सोडायची. मध्ये हात अडखळला तर तेवढ्या जागी काचेवर रेघ उमटे. पट्टी हरवली की भांड्याचा अर्थही हरवतो आणि त्याला फुलदाणी म्हटले जाते.

ओल्या काचेचा डेव्हलपर म्हणजे मुख्यतः हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट. रंगारी आणि शाई करणारे यांच्या पिढीजात ओळखीचा हा पदार्थ. छायाचित्रण हे पश्चिमेचे संपूर्ण नवे गूढ म्हणून आले, असे समजण्याची प्रथा आहे; त्याच्या फळीवरच्या कित्येक पुड्या मात्र येथल्या बाजाराला जुन्याच होत्या. हिराकस त्यांतला, तुरटीही त्यांतलीच. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

लाल दिवा आला तो ड्राय प्लेटबरोबर. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस तयार, कोरड्या काचा डबीतून विकत मिळू लागल्या. तंबू बरोबर नेण्याचा त्रास संपला. घेतलेली काच आठवड्यांनंतर घरी येऊन धुता येऊ लागली. परंतु या काचा कलोडियनपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील होत्या. पिवळ्या खिडकीतून निसटणारा थोडासा निळा प्रकाशही त्यांना धुरकट करून टाकी. खिडकी बंद झाली, खोली खरोखर अंधारली आणि माणिकरंगी काचेचा कंदील टेबलावर आला.

हा कंदील रेल्वेच्या कंदिलापासून वेगळा ओळखणे सोपे आहे. रेल्वेच्या कंदिलाला उजेड दूरवर फेकायचा असतो, म्हणून त्याला फुगीर भिंग असते. डार्करूमच्या कंदिलाची काच सपाट असते, कारण त्याचा उजेड हातभर अंतरापलीकडे जाण्याची गरज नसते. दुसरी खूण धुराड्यात. डार्करूमच्या कंदिलाचे धुराडे आणि हवेची भोके वाकड्या पत्र्यांनी अशी आडवलेली असतात की धूर बाहेर जावा, हवा आत यावी, पण ज्योतीचा पांढरा उजेड कोणत्याही फटीतून थेट बाहेर पडू नये. आत तेलाची बत्ती किंवा मेणबत्ती असे. पुढे विजेचा गोळा आला. बंद खोली, आत जळणारी ज्योत, उघड्या ट्रेमधली रसायने आणि मुंबईचा मे महिना, एवढे एकत्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे त्या कामाची कल्पना येते.

उष्णतेचा प्रश्न केवळ माणसापुरता नव्हता. जिलेटिन गरम पाण्यात मऊ पडते. काच धुण्यासाठी साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाई आणि आपल्या नळाचे पाणी उन्हाळ्यात त्याच्या बरेच वर असते. लेपाच्या कडा झालरीसारख्या सुटून येत. फार झाले तर मुखडाच काचेवरून ओघळे. म्हणून बर्फ, म्हणून पहाटे किंवा रात्री काम करण्याची पद्धत, आणि म्हणून तुरटी! तुरटीच्या पाण्यात जिलेटिन घट्ट होते. उष्ण प्रदेशांतल्या डार्करूममध्ये थर्मामीटर आणि तुरटीची बरणी यांना जे महत्त्व होते, ते थंड देशांत तितके नव्हते.

ट्रे मात्र सगळीकडे सारखेच : चिनी मातीचे, एनॅमलचे, पुढे बेकलाइटचे. तळाला उंचवट्याच्या रेघा आणि कोपऱ्यात ओतण्यासाठी चोच असेल तर तो स्वयंपाकघरातला नव्हे. रेघांमुळे काच तळाला चिकटून बसत नाही आणि नख घालून उचलता येते. एक ट्रे डेव्हलपरचा, एक हायपोचा, आणि त्यांची अदलाबदल कधीही करायची नाही. हायपो उरलेले चांदीचे क्षार विरघळवून चित्र पक्के करतो. जॉन हर्शेल यांनी त्याचा हा गुण १८१९ मध्येच, म्हणजे छायाचित्रण जाहीर होण्याच्या वीस वर्षे आधी, नोंदला होता. पण त्याचे काही थेंब डेव्हलपरमध्ये पडले की चित्र नासते.

काचेच्या निमुळत्या मोजपात्रावर मिनिम, ड्रॅम आणि औंस यांच्या खुणा असतात. ६० मिनिमचा एक ड्रॅम, ८ ड्रॅमचा एक औंस. हीच पात्रे औषधांच्या दुकानातही असत, त्यामुळे केवळ पात्रावरून काही सिद्ध होत नाही. वजनांचा घोळ याहून मोठा. व्यापारी रसायने विकत ती ४३७½ ग्रेनच्या औंसाने, आणि औषधी मापाचा औंस होता ४८० ग्रेनचा. जुन्या वह्यांतली कृती आज करून पाहणाऱ्याने कोणता औंस, हे आधी ठरवलेले बरे.

बाटल्यांकडे अधिक गांभीर्याने पाहावे लागते. निळ्या किंवा हिरव्या काचेची, अंगावर उभ्या कंगोऱ्यांची बाटली ही विषाची बाटली. अंधारात हाताला कंगोरे लागले की आत विष आहे हे कळावे, हा त्यामागचा हेतू. डार्करूममध्ये अशा बाटल्यांना खरेच काम होते. कलोडियनच्या काळात हायपोऐवजी पोटॅशियम सायनाइड वापरण्याची पद्धत रूढ होती, कारण त्याने चित्र लवकर स्वच्छ होई. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत, पायरोगॅलिक आम्लाने नखे तपकिरी होत. हे डाग घालवण्यासाठी काही जण सायनाइडचा खडाच बोटांवर घासत. त्वचेवर एखादी चीर असली म्हणजे हा खेळ जिवावर बेतणारा होता आणि त्या काळच्या छायाचित्रणविषयक नियतकालिकांत अशा विषबाधांच्या बातम्या आढळतात. स्टुडिओच्या मालकाचे नाव पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत छापलेले असे. काळी बोटे बहुधा साहाय्यकाची असत आणि त्याचे नाव कुठेच नसे.

आता प्रिंटिंग फ्रेम. सगळ्या अवजारांत हिची ओळख सर्वाधिक चुकते. समोरून पाहिले तर ती जाड लाकडाची साधी चौकट. उलटी केली की भेद उघड होतो : पाठीची फळी मधोमध दुभंगलेली, दोन भाग बिजागरीने जोडलेले, आतल्या बाजूला मऊ कापड आणि वर पितळी पट्ट्यांच्या दोन स्प्रिंगा. तसबिरीच्या चौकटीला इतका खटाटोप कशासाठी करील कोणी?

कारण असे. त्या काळचा अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद, डेव्हलप करावा लागत नसे. निगेटिव्ह आणि कागद या चौकटीत एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवायचे आणि चौकट उन्हात मांडायची. चित्र उन्हातच, डोळ्यांदेखत गडद होत जाई. पण ते पुरेसे झाले का, हे पाहायचे कसे? पूर्ण पाठ उघडली तर कागद सरकेल आणि पुन्हा तंतोतंत जागेवर बसणार नाही. म्हणून एकच स्प्रिंग सोडायची, अर्धी पाठ उचलायची, सावलीत कागदाचा अर्धा भाग वळवून पाहायचा आणि परत मिटायचा. दुसऱ्या अर्ध्याने तोवर कागद जखडून ठेवलेला असतो. त्या बिजागरीचे एवढेच प्रयोजन, आणि ते विलक्षण हुशारीचे आहे.

याचा अर्थ असा की डार्करूमचे अर्धे काम गच्चीवर भर उन्हात चाले. पावसाळी आभाळ आले की छपाई रेंगाळे. कागद हवे त्यापेक्षा मुद्दाम थोडा जास्त गडद होऊ द्यावा लागे, कारण पुढे सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात आणि हायपोत तो फिका पडे. किती जास्त, हे कोणत्याही मापाने सांगता येत नसे. तो अंदाज नजरेत मुरलेला असावा लागे. चौकटीची मापे त्या काळच्या काचांची आहेत : क्वार्टर प्लेट ३¼ × ४¼ इंच, हाफ प्लेट ४¾ × ६½ आणि फुल प्लेट ६½ × ८½. आतले माप यांपैकी एखाद्याशी जुळले तर शंकेला फारशी जागा उरत नाही. १८९३ मध्ये लिओ बेकलंड यांनी व्हेलॉक्स नावाचा, दिव्याच्या उजेडात छापता येणारा कागद बाजारात आणला आणि ऊन हळूहळू अनावश्यक झाले. याच बेकलंड यांनी पुढे बेकलाइट शोधले, आणि डार्करूममधले ट्रे त्याचेच होऊ लागले.

दुसरे फसवे अवजार म्हणजे रिटचिंगचे मेज. तीन फळ्यांची उभी घडी : खाली आरसा, मधे दुधी काच, वर सावलीसाठी छप्पर. अनेकदा ते शृंगाराचे मेज समजले जाते, आणि एका परीने ते खरेही आहे. खालच्या आरशाने उजेड निगेटिव्हमधून वर येई आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर बारीक ठिपके दिले जात. निगेटिव्हवर जिथे शिसे चढेल, तिथे कागदावर चेहरा उजळ होई. निळ्या रंगालाच प्रतिसाद देणाऱ्या त्या काचांवर आपल्याकडचे सावळे, गव्हाळ वर्ण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी काळे उमटत. वांग, पुरळ, देवीचे व्रण ठळक होत. रिटचिंग करणारा ही काचेची चूक सुधारी, पण तेथेच थांबे असे नाही. आजी-पणजीच्या छायाचित्रातला गुळगुळीत गोरेपणा किती तिचा आणि किती पेन्सिलीचा, हे निगेटिव्ह तिरकी धरून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि कुंकू? ते काळे पडण्यावर पेन्सिलीचा इलाज अपुराच होता; फार तर ते राखाडी करता येई. सौभाग्याचे चिन्ह काळे दिसणे हे येथल्या घरांत नुसते तांत्रिक न्यून ठरणे कठीण. हाताने रंगवलेल्या छायाचित्रांना आपल्याकडे जी मागणी होती तिची कारणे अनेक आहेत, पण कागदावर ब्रशाच्या एका स्पर्शाने कुंकू पुन्हा लाल करता येई, हे त्यांतले एक मानायला हरकत नसावी.

लाल दिव्याच्या या युगातली महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध डार्करूम स्टुडिओत नव्हती, दादरच्या एका राहत्या घरात होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि त्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणले. त्या काळी कच्ची फिल्म भोकांविना मिळे. कॅमेऱ्याच्या दातांत बसण्यासाठी तिच्या कडांना भोके घरीच पाडावी लागत, तीही उजेड टाळून. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. फिल्म धुण्यात आणि रसायने तयार करण्यातही त्यांचा हात होता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या इतिहासात दिग्दर्शक, नट आणि तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके यांची नावे सांगितली जातात. भोके पाडण्याचे यंत्र आणि ते चालवणारी स्त्री यांचा उल्लेख अलीकडेपर्यंत तळटीपेतच राहिला.

या युगाचा शेवट रसायनातून झाला. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला असे आढळले होते की लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळल्यास काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही ‘दिसू’ लागतो. या ऑर्थोक्रोमॅटिक काचा लालाला तरीही आंधळ्याच राहिल्या, म्हणून लाल दिवा टिकला. १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंग पाहणाऱ्या काचा विक्रीस आणल्या आणि पुढच्या काही दशकांत अशा काचा व फिल्म सर्वत्र रूढ झाल्या. कुंकू काळ्याचे राखाडी झाले. निगेटिव्ह धुताना मात्र दिवा पूर्ण मालवावा लागला.

अवजारांवर याचा परिणाम लगेच दिसतो. काच बघून ‘झाले’ असे म्हणण्याची सोय गेली; तिची जागा थर्मामीटरने आणि अंधारात चमकणाऱ्या काट्यांच्या घड्याळाने घेतली. झाकणाला वाकडे भोक असलेली बेकलाइटची डबी आणि आत नागमोडी खाचांचे चाक सापडले, तर ते सुताचे रीळ नव्हे. त्या खाचांत फिल्म गच्च अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने चढवायची. मग झाकण लावून बाकीचे काम उजेडात. दोन बाह्या असलेली, गळा नसलेली काळी दुहेरी पिशवी ही या डबीची सोबतीण. ती सदऱ्यासारखी दिसते, पण तिच्यात माणसाचे फक्त हात जातात.

लाल दिवा डार्करूममधून पूर्ण हद्दपार झाला नाही, कारण छपाईचा ब्रोमाइड कागद जुन्या काचेसारखाच लालाला आंधळा राहिला. चित्रपटांत दिसणारी लाल उजेडातली डार्करूम ही म्हणूनच छपाईची खोली असते. जुने आडवे एन्लार्जर ओळखण्याची खूणही यातच आहे. दिव्याची पेटी, मोठी भिंगे, पुढे नळी : प्रथमदर्शनी ती शांबरिक खरोलिकाच वाटते, कल्याणच्या पटवर्धनांनी गावोगाव दाखवलेली. एन्लार्जरला बहुधा घडीचा चामडी भाता असतो आणि लेन्सपुढे लाल काचेची टोपी. टोपी लावून चित्र कागदावर नीट बसवायचे, कागदाला पत्ता लागू द्यायचा नाही. मग टोपी काढून सेकंद मोजायचे. खरोलिकेचा प्रकाश माणसांच्या डोळ्यांसाठी होता, तिला अशी टोपी कशाला हवी?

अशा वस्तूंबरोबर कधी काचाही सापडतात, आणि त्या ‘मळलेल्या’ समजून धुतल्या जातात. असे कधीही करू नये. मंद, कमी चकाकणारी बाजू ही लेपाची. तिला बोट लावू नये, काच कडांनी धरावी. लेप असमान, किंचित पिवळसर-दुधी असून एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी असेल, तर ती ओली काच असण्याचा संभव आहे. कलोडियन ओतताना ती तिथे धरली होती. लेप सर्वत्र सारखा आणि राखाडी-काळा असेल तर ती कारखान्यातली ड्राय प्लेट. कंगोऱ्यांच्या बाटलीत काही शिल्लक दिसले तर बूच उघडू नये, हुंगू तर मुळीच नये. काचा एकीवर एक रचू नयेत. प्रत्येक काच स्वतंत्र कागदी पाकिटात घालून लांब कडेवर उभी ठेवावी. त्यासाठी ते ‘ताटाळे’ मात्र वापरू नये. त्याच्या खाचा धुतलेल्या काचा निथळण्यापुरत्या आहेत, आणि कितीही नीट ठेवली तरी काच त्यात कलते.